मामीच्या पिकअपचे शॉकअप

माझ्या मामीला कुणी विचारलं, कशी आहेस, तर ती गाडीचं सांगते. ‘बरी आहे, सकाळी जरा उशिरा स्टार्ट होते.’ मामाची चौकशी केली तरी तेच. ‘ठीक आहेत, पण मागचे शॉकअप गेलेत.’ विचारणारा बिचारा ऑपरेशनचं, औषधांचं काही ऐकायला मिळेल म्हणून उभा असतो आणि शॉकअप ऐकून घरी जातो. मामी विषय टाळते असं लोकांना वाटतं. ती टाळत नाही. त्या वर्षी मामाची तब्येत आणि गाडीचे शॉकअप ही खरोखर एकच गोष्ट होती.

गाडी म्हणजे जुनी पिकअप. पुढे दोन माणसांपुरती केबिन, मागे माल ठेवायला उघडा हौदा. कंपनीनं हे मॉडेल बनवणं कधीच सोडून दिलंय. शेजारच्या सीटचं दार आतून उघडत नाही, म्हणून मामी प्रत्येक ठिकाणी उतरून, वळसा घालून मामासाठी दार उघडते. बघणाऱ्याला वाटतं, काय मान देते नवऱ्याला. तो मान आतल्या कडीचा तुटलेला खटका देववतो, हे आम्हालाच माहीत.

मामानं या गाडीतून आयुष्यभर फरशी वाहिली. फरशी म्हणजे नुसतं वजन. तिला पेलायचं म्हणून त्यानं ऐन उमेदीत गाडीच्या मागच्या कमानींमध्ये एकेक जादा पाटा टाकून घेतला. कमान म्हणजे लोखंडी पट्ट्यांची चळत. एकेका पट्टीला पाटा म्हणतात. ओझं पेलायचं काम कमानीचं. शॉकअपचं काम वेगळं. खड्ड्यातून गेल्यावर कमान नाचत राहते, तिचं नाचणं थांबवायचं काम शॉकअपचं. हे मला मामीनं कपडे वाळत घालता घालता समजावलं होतं, आणि समजावताना माझ्या दोन उशांचे अभ्रे तिनं चिखलात पाडले होते.

मग एक दिवस फरशी उतरवताना मामा वाकला तो सरळ झालाच नाही. मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं की वजन उचलायचं नाही, गाडी चालवायची नाही, चालत राहायचं आणि मन रमवायचं. पहिल्या तीन गोष्टी मामानं नाइलाजानं पाळल्या. चौथी त्याला जमेना. तो खिडकीशी खुर्ची टाकून बसायचा आणि रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांच्या चुका काढायचा. ‘गियर टाक रे, गियर टाक, इंजिन रडतंय,’ असं तो न दिसणाऱ्या ड्रायव्हरला सांगायचा. दाढी करणं त्यानं सोडून दिलं. जेवताना ताटाकडे बघायचा नाही. घरात तिघंच माणसं, म्हणजे ते दोघं आणि वरच्या खोलीत राहणारी मी, त्यांची भाची. पण घर असं जड झालं होतं की मी शाळेतून शिकवून आले की जिन्यावर बूट हातात घेऊन चढायची.

मामीनं फार विचार केला नाही. ती विचार करते, पण हात चालू असताना करते. लग्न नवं होतं तेव्हा मामानं तिला मोकळ्या माळावर गाडी शिकवली होती आणि शिकवताना इतका ओरडला होता की तिनं पुन्हा स्टिअरिंगला हात न लावण्याची शपथ घेतली होती. ती शपथ मोडून तिनं किल्ली उचलली. गावाबाहेरच्या कोंबड्यांच्या फार्मवरून अंडी उचलायची आणि बेकऱ्यांना, दुकानांना पोचवायची, असं काम तिनं धरलं. पहिल्या सकाळी मामा फाटकापर्यंत आला, ही रिव्हर्स नीट घेते का ते बघायला. तिनं फाटकाला खेटूनच गाडी काढली. मला अजून संशय आहे की ते तिनं मुद्दाम केलं. दुसऱ्या दिवशी मामा शेजारच्या सीटवर चढून बसला, देखरेखीसाठी.

तेव्हापासून तो रोज जायला लागला. रोज जायचं म्हणून दाढी आली, इस्त्रीचा शर्ट आला, बेकरीवाल्यांशी ओळखी आल्या. गाडीत तो अखंड बोलायचा. क्लच सोड. अगं, क्लच सोड म्हटलं. त्या सायकलवाल्याला हॉर्न दे. एवढा नको, तो काय बहिरा आहे? मी एकदा मामीला विचारलं की तुला राग नाही का येत. ती म्हणाली की नवरा घराबाहेर पडतोय आणि त्याबद्दल चार शब्द ऐकायला लागतायत, तर हा सौदा वाईट नाही.

आणि अशात शॉकअप गेले. एकदम नाही. आधी तेल झिरपायला लागलं, मग गाडी खड्ड्यातून बाहेर आल्यावरही डुलत राहायला लागली, मग आपटायला लागली. आधीच जादा पाट्यामुळे कमान कडक, वर अंड्यांचा माल हलका. रिकाम्या बैलगाडीचा खडखडाट जास्त, तसंच हे. प्रत्येक खड्डा सरळ सीटवर यायचा, आणि सीटवर मामाचा मणका.

मामा कधी हाय म्हणाला नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, त्यातला तो. पण मामीला एक खूण सापडली होती. जिथे दुखायचं तिथे मामा बोलायचा थांबायचा. क्लचच्या मध्येच गप्प व्हायचा, दारावरची मूठ घट्ट धरायचा, आणि रस्ता बरा लागला की पुन्हा सुरू. मामीला गावातले सगळे खड्डे त्याच्या गप्प बसण्यावरून पाठ झाले. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, पायात कळ जाते का, तर मामानं नाही म्हणायला जरा जास्तच वेळ घेतला. डॉक्टर म्हणाले की अशी कळ पुन्हा गेली तर गाडीत बसणं कायमचं बंद.

त्या दिवशी संध्याकाळी मामी अंगणात माझ्याजवळ आली. हातात झाडू होता, पण झाडत नव्हती. म्हणाली, “ते एकदा त्या सीटवरून उतरले ना, की परत चढायचे नाहीत. मग घरात काय उरतं, ते तू बघितलंयस.”

मी बघितलं होतं. मला पुन्हा बघायचं नव्हतं.

आता मामीच्या लक्षात आणखी एक आलं होतं. हौद्यात माल जास्त असला की मामा जास्त बोलतो. म्हणजे मागे वजन असलं की कमान दबते आणि गाडी जरा नरम चालते. पण अंडी किती भरली तरी फरशीच्या पासंगालाही पुरणार नाहीत. तेव्हा एका दुपारी, मामा डुलकी काढत असताना, तिनं वाळूची पोती भरली. पोत्यांची तोंडं मी धरली होती, म्हणून मला हे माहीत. पोती तिनं हौद्यात, बरोबर मागच्या चाकांवर येतील अशी रचली, वर फळी टाकली आणि फळीवर अंड्यांचे क्रेट. मामाला वाकता येत नाही, हौद्यात चढता येत नाही. त्याला दिसायचे ते वरचे क्रेट.

मी म्हटलं, अगं, सांग की सरळ. ती म्हणाली की आपल्या पाठीसाठी बायको गाडीत वाळू घेऊन हिंडते हे त्यांना कळलं, तर दुसऱ्या दिवसापासून ते यायचेच नाहीत. तिचं बरोबर होतं. मला ते बरोबर असण्याचाच राग आला. एवढी वर्षं एका घरात राहून माणसं एकमेकांना वाळूच्या पोत्यांतून का बोलतात, हे मला समजत नाही.

पोत्यांनी काही दिवस निभावलं. मग एक शॉकअप पार निकामी झाला आणि नवे घेणं भागच पडलं.

सुटे भाग विकणाऱ्या दुकानदाराला आमच्याकडे सगळे चौकशीमास्तर म्हणतात. साधा बल्ब मागा, तो आधी चार प्रश्न विचारेल. दुकान अरुंद, दोन्ही भिंतींना छतापर्यंत खोकी, आणि आत शिरलं की नव्या रबराचा वास. मामा काउंटरला टेकून उभा राहिला, कारण तिथल्या बुटक्या स्टुलावर बसणं त्याला जमत नाही. मास्तरनं दोन शॉकअप काढून उभे केले आणि मला म्हणाला, दाबून बघा. पहिला माझ्याच्यानं जेमतेम दबला आणि हात काढल्यावर आपणहून वर आला. दुसरा सावकाश, समजूतदारपणे दबला.

मास्तरचं म्हणणं सरळ होतं. पहिला गॅसचा, जड मालासाठी. मागे टनभर ओझं असेल तर याच्यासारखा नाही, पण हलक्या गाडीला लावला तर खड्डा जसाच्या तसा माणसापर्यंत येणार. दुसरा साधा, तेलाचा. हलक्या मालाला, रोजच्या फिरण्याला चांगला. चांगला-वाईट असं काही नसतं, गाडीत काय असतं त्यावर आहे. आणि मग त्यानं विचारलं, “माल काय असतो?”

“फरशी,” मामा म्हणाला.

मी तोंड उघडलं, तर मामीनं काउंटरखाली माझ्या पायावर पाय दिला. चांगला दिला. गाडीत कित्येक दिवसांत फरशीचा तुकडा चढला नव्हता आणि आमच्यापैकी कुणीच ते बोलत नव्हतं. मामाच्या हिशेबानं पाठ बरी होणार होती, अंडी हे मधल्या काळापुरतं होतं, आणि पुढे फरशी होतीच. त्याचा हा हिशेब मोडायची हिंमत डॉक्टरांनासुद्धा झाली नव्हती, ते नुसते ‘बघू’ म्हणायचे.

मामीनं ताकाला जाऊन भांडं लपवलं. म्हणाली की सध्या अंडीपण असतात, कडक शॉकअपनं अंडी फुटतील. मामा म्हणाला, आजवर एक तरी अंडं फुटलेलं दाखव. इथे तिची पंचाईत झाली. कारण ती क्रेटमध्ये असं काही भुसा-कागद ठासून भरते की अंडं मनात आणलं तरी फुटू शकत नाही. दुसऱ्या दिवशी फेरीवरून आल्यावर तिनं क्रेटमधून एक फुटलेलं अंडं काढून मामाच्या हातात दिलं. मामानं ते उजेडात फिरवून पाहिलं आणि परत दिलं. “हे बोटानं फोडलंय,” एवढंच म्हणाला. मी हसू दाबायला वर पळाले.

तेव्हा गॅसचेच ठरले. पण मास्तरनं एक काम लावून दिलं होतं. जादा पाट्यामुळे गाडीची मागची बाजू उचललेली असते, म्हणून कंपनीचं ठरलेलं माप तिथे चालायचं नाही. सपाट जागेवर, रिकाम्या गाडीला, शॉकअपच्या वरच्या बोल्टापासून खालच्या बोल्टापर्यंत किती अंतर आहे ते मोजून आणायचं.

सुट्टीच्या दिवशी अंगणात हे मोजमाप झालं. मामा उंच खुर्चीवर बसून हुकूम सोडत होता, मामी पुठ्ठा अंथरून गाडीखाली शिरली, आणि मी टेपचं एक टोक घेऊन तिच्या पायांशी. मामानं विचारलं, हौदा रिकामा केलास? मामी खालूनच हो म्हणाली. क्रेट सकाळीच उतरवले होते. फळी जागच्या जागी होती, आणि फळीखाली पोतीही. मी खाली वाकून तिच्याकडे बघितलं. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी टेपकडे बघायला लागले. पोती काढायची तर मामासमोर काढावी लागणार होती. शिवाय, असं ती मागाहून मला म्हणाली, पोती आता रोजचीच झाली होती, स्टेपनी कशी असते तशी.

तिनं माप सांगितलं. मामाच्या कपाळाला आठी पडली. म्हणाला, कमी वाटतंय. पुन्हा मोज. तिनं पुन्हा मोजलं, तेवढंच आलं.

“जुनी झाली,” मामी खालून म्हणाली. “बसली असेल कमान. म्हातारपणी बसायचंच सगळं.”

मामानं ते माप मास्तरला फोनवर कळवलं, आणि त्या मापाचे, जड मालाचे शॉकअप मागवले गेले. एक खोटं त्याचं, एक खोटं तिचं, आणि दोन्ही एकाच खोक्यात भरून आली.

ते बसवायला आम्ही मेस्त्रीकडे गेलो. मामीनं मामाला घरी ठेवायचा खूप प्रयत्न केला. गर्दी असेल, बसायला नीट नसेल, ऊन आहे. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. मामा आलाच. मेस्त्रीचं गॅरेज म्हणजे पत्र्याचं छप्पर, तेलानं काळी झालेली जमीन आणि एका कोपऱ्यात देवाणघेवाणीत आलेली एक फिरती ऑफिसची खुर्ची. त्या खुर्चीवर मेस्त्रीनं मामाला मानानं बसवलं. पूर्वीची ओळख होती. जादा पाटे बसवून दिले होते ते यानंच.

मेस्त्रीनं जुने शॉकअप सोडवले आणि म्हणाला की हौदा मोकळा करू, गाडी उचलायची आहे. मामी घाईनं म्हणाली, राहू दे, काही जड नाही. मेस्त्रीनं तोवर फळी उचललीही होती. त्यानं आत बघितलं, मामीकडे बघितलं, आणि पोती उतरवायला लागला. एकेक पोतं तो मामाच्या खुर्चीपाशी आणून टाकत होता, कारण कोरडी जागा तिथेच होती. पोतं उतरलं की गाडीचं मागचं अंग थोडं वर यायचं. सगळी उतरली तेव्हा ते चांगलं चार बोटं वर आलं होतं, आणि ते आम्हा सगळ्यांना दिसलं.

मग मेस्त्रीनं जॅक लावला, चाकं लोंबती केली आणि नवा शॉकअप वरच्या बोल्टात अडकवून खाली ताणला. तो पुरेना. पूर्ण ताणूनही खालच्या बोल्टापर्यंत पोचेना. दुसऱ्या बाजूला लावून पाहिला, तेच.

“माप कुणी घेतलं?” मेस्त्रीनं विचारलं.

मामा गाडीकडे बघत नव्हता. तो पोत्यांकडे बघत होता.

“काय आहे यात?” त्यानं मामीला विचारलं.

“वाळू.”

“कुणाला पोचवायची?”

“कुणाला नाही.”

“मग कुणाची आहे?”

मामी पदार्थ करपल्यावर उभी राहते तशी, एक हात दुसऱ्या हातात धरून उभी राहिली. मग म्हणाली, “तुमची आहे. खड्डा आला की तुम्ही बोलायचे थांबता. पोती घातल्यापासून बोलता.”

मेस्त्री भला माणूस. त्याला एकदम कुठलासा पाना हवासा झाला आणि तो शोधायला तो मागच्या खोलीत गेला. मला वाटलं, आता आभाळ फाटणार. मामा उद्यापासून खिडकीशी बसणार, आणि मी पुन्हा बूट हातात घेऊन जिना चढणार. मला त्या दोघांचा इतका राग आला की मी उगाच एका टायरवर नखानं रेघा ओढत बसले.

मामा खुर्चीच्या हाताला धरून उठला. गाडीला हात टेकत टेकत मागे गेला. त्याला वाकता येत नव्हतं, पण गाडी जॅकवर होती, तेव्हा कमान त्याच्या हाताला येईल एवढी वर होती. त्यानं हात लांबवून पाट्यांवरून बोटं फिरवली, वरपासून खालपर्यंत, आणि एका पाट्यावर थांबवली.

“मेस्त्री,” त्यानं हाक मारली. “हा जादा पाटा काढून टाका. दोन्हीकडचा.”

मेस्त्री पाना न घेताच बाहेर आला. म्हणाला, “काढतो की. पण मग फरशी नाही पेलणार हो गाडी.”

“फरशी आता कोण उचलतंय,” मामा म्हणाला.

हे वाक्य आमच्या घरात आजवर कुणीच बोललं नव्हतं. डॉक्टर बोलले नव्हते, मामी बोलली नव्हती, मी तर नाहीच नाही. ते त्यानं असं सहज म्हटलं की मेस्त्रीला त्यात काही वेगळं वाटलं नाही, तो मान हलवून कामाला लागला. मामी रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे मला दिसत होते, म्हणून मी तिच्याकडे गेले नाही.

थोड्या वेळानं मामा तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. दोघंही रस्त्यावरच्या गाड्या बघत होते. मामा म्हणाला, “पोत्यांचं आधी सांगायचंस.”

“सांगितलं असतं तर आला असतात का गाडीत?”

मामानं विचार केला. खोटं बोलायची संधी होती, पण त्या दिवशी त्याचा तो कोटा संपला असावा.

“नसतो आलो,” तो म्हणाला.

जादा पाटा निघाल्यावर गाडी होती तशी झाली, म्हणजे कंपनीतून आली होती तशी. आता माप घ्यायचीही गरज उरली नाही, कंपनीचं ठरलेलं माप बरोबर बसणार होतं. मास्तरनं न लावलेले शॉकअप कुरकुरत परत घेतले आणि साधे, तेलाचे देण्याआधी सगळे प्रश्न पहिल्यापासून पुन्हा विचारले. मामानं या वेळी एकेकाचं खरं उत्तर दिलं. अंडी म्हणाला, रस्ते खराब म्हणाला, शेजारच्या सीटवर मणक्याचं ऑपरेशन झालेला माणूस असतो म्हणाला. मास्तरनं डोळे वर केले. म्हणाला, हे आधी सांगितलं असतंत तर मी गॅसचा दाखवलाच नसता.

वाळू मेस्त्रीनं ठेवून घेतली, तेल सांडलं की टाकायला.

नवे शॉकअप लावून ती दोघं पहिल्यांदा फेरीला निघाली त्या सकाळी मी फाटकात उभी राहून कान देत होते. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एक उंचवटा आहे, कुणी केला आणि का केला ते कुणालाच माहीत नाही. तिथे मामा नेहमी गप्प व्हायचा. गाडी त्यावरून गेली, मागची बाजू एकदा खाली बसली आणि निवांत वर आली. आणि मामाचा आवाज माझ्यापर्यंत आला, मामी क्लचवर पाय ठेवून गाडी चालवते म्हणून. मी शाळेत त्या दिवशी फार मऊ वागले. मुलांना काहीतरी संशय आला असावा.

संध्याकाळी मी पायरीवर वह्या तपासत बसले होते. उजेड अजून होता. गाडी गल्लीत शिरताना दिसली तशी मी फाटक उघडायला उठले. गाडी अगदी सावकाश येत होती, मामी एरवी चालवते त्यापेक्षाही सावकाश. फाटकापाशी ती थांबेल म्हणून मी बाजूला झाले, तर मामीनं काचेतून माझ्याकडे बघितलं, ओठांवर बोट ठेवलं, आणि गाडी पुढे नेली.

मला शेजारची सीट दिसली. मामाचं डोकं काचेला टेकलं होतं आणि तोंड जरासं उघडं होतं. ड्रायव्हरशेजारी बसणाऱ्यानं कधीही डोळा लावायचा नाही, एकाची झोप दुसऱ्याला लागते, असं म्हणत या माणसानं आम्हा सगळ्या भाचरांना प्रवासात चिमटे काढून जागं ठेवलं होतं. ऑपरेशननंतर त्याला स्वतःला सलग झोप अशी लागलीच नव्हती. रात्री कूस बदलताना पाठ त्याला उठवायची, आणि खाली खुर्ची सरकल्याचा आवाज मला वर ऐकू यायचा.

गाडी गल्लीच्या टोकाला वळली आणि दिसेनाशी झाली. थोड्या वेळानं पलीकडच्या रस्त्यानं फिरून परत आली, तशीच सावकाश, आणि फाटक ओलांडून पुन्हा पुढे गेली. मामीनं या वेळी माझ्याकडे बघितलंही नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर रस्त्यावर, लहान खड्डासुद्धा चुकवत चाललेली.

समोरच्या घरातल्या काकू झाडांना पाणी घालता घालता थांबल्या. त्यांनी विचारलं, काय गं, तुझी मामी अशा घिरट्या का घालतेय? गाडीचं पुन्हा काही बिघडलं का?

“नाही काकू,” मी म्हटलं. “मामा झोपलाय.”